रुमालाखालचा हात आणि भावाचे व्याकरण

मराठीत सौदा ठरतो, जमतो, पटतो, फिसकटतो आणि मोडतो. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. सौदा कोणी ठरवला, कोणामुळे फिसकटला, याविषयी ती मौन पाळतात. याउलट भाव पाडणे, भाव चढवणे, भाव करणे, माल उचलणे, किंमत तोडणे हे वाक्प्रचार सकर्मक असून त्यांना कर्ता लागतो, आणि तो कर्ता बहुधा घेणारा असतो. एकाच व्यवहारासाठी भाषेने असे दोन परस्परभिन्न क्रियापदसंच का राखून ठेवले असावेत, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ व्याकरणाचा वाटतो. अमरावती-अकोल्याच्या कापूसबाजाराचा इतिहास समोर ठेवला म्हणजे मात्र तो केवळ व्याकरणाचा उरत नाही.

वाक्प्रचारांचा अभ्यास आपल्याकडे मुख्यतः कोशकारांनी केला. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) आणि त्यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ (१९४२–४७) ही त्या परंपरेची शिखरे होत. समीक्षेने मात्र वाक्प्रचाराला ‘रूढ लक्षणा’ म्हणून एकदा खूण केली आणि पुढे वाट धरली. रूढी हे लक्षणेचे एक निमित्त आहे असे मम्मट सांगतो. पण रूढी कोणाची, कोणत्या पेठेतली, कोणाच्या सोयीची, हे प्रश्न काव्यशास्त्राच्या कक्षेबाहेरचे मानले गेले. शब्द हे भिन्न सामाजिक स्वरांच्या झगड्याचे ठिकाण असते, हे व्होलोशिनॉव्हचे प्रतिपादन गेली काही दशके आपण कादंबरीच्या चर्चेत उद्धृत करीत आलो आहोत. ते सर्वांत शब्दशः लागू पडेल असे ठिकाण बाजार हे आहे, आणि तेथे आपण फारसे गेलो नाही.

व्यवहारभाषेचे थर प्रथम पाहू. सौदा, बाजार, दुकान, निरख, पासंग हे शब्द फारसीतून आले. दलाल, किंमत, नफा हे मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. बयाणा या शब्दात ‘विक्री’ या अर्थाचे अरबी नाम आणि फारसी प्रत्यय आहे. ‘दलाल’ म्हणजे मूळ अर्थाने वाट दाखवणारा. हा अर्थ आज सांगितला तर वर्गात हशा पिकतो. उलट भाव, मोल, ग्राहक, उधार ही नामे संस्कृतोद्भव, आणि घासणे, तोडणे, पाडणे, मागणे, सांगणे ही क्रियापदे देशी वळणाची. थोडक्यात, व्यवहाराची संस्था राज्यकर्त्यांच्या भाषेने नामांकित केली आणि व्यवहारातली झटापट देशी क्रियापदांनी सांगितली. शिवराज्याभिषेकानंतर सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच्या दहा वर्गांपैकी एक ‘पण्यवर्ग’ होता, हे लक्षणीय आहे. दरबारात या कोशाचे काही शब्द रुजले. पेठेत मात्र दुकान दुकानच राहिले आणि दलाल दलालच. बाजार राजाज्ञेने शब्द बदलत नाही, हे तीनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते.

‘भाव’ या शब्दाची गती अधिक विलक्षण आहे. असणे, स्थिती, अंतःकरणवृत्ती, भक्ती असा अर्थविस्तार असलेला हा शब्द बाजारात दराचा वाचक झाला, तो बहुधा ‘स्थिती’ या अर्थाच्या द्वाराने. साहित्यशास्त्रात स्थायी भाव असतात. बाजारात भाव तेवढा स्थायी नसतो. वारकऱ्याच्या तोंडी भाव ही देण्याची वस्तू, शेतकऱ्याच्या तोंडी ती मिळण्याची. हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या तोंडी एकाच दिवशी येतात आणि परस्परांना अडथळा करीत नाहीत. ‘भाव खाणे’, ‘भाव न देणे’ हे आजचे नागर वाक्प्रचार दुसऱ्या अर्थातून निघाले आहेत. महाविद्यालयीन मुलांच्या बोलण्यात ते इतके मुरले आहेत की त्यांच्यामागे एखादी पेठ उभी आहे, याची त्यांना जाणीव नसते. ‘दांडी मारणे’ याचीही तीच गत. मापाऱ्याने तराजूच्या दांडीला हलकेच बोट लावून वजन मारणे, हा त्याचा पेठेतला अर्थ. आमच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक नाही. दुसरा अर्थ मात्र ते दर शुक्रवारी आचरणात आणतात.

आता कोशांकडे वळू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. व्यवहारातील बारकावे टिपण्याची त्याची दृष्टी अजोड होती. घासाघीस करणाऱ्या दुकानदारांचे, सराफांचे, दलालांचे शेकडो शब्द त्याने नोंदले. ‘नंदभाषा’ ही व्यापाऱ्यांची गुप्त बोली त्यात आहे: एक म्हणजे केवली, दोन म्हणजे अवारू, चार म्हणजे पोकू, पाच म्हणजे मुळू. गिऱ्हाईक समोर उभे असताना दोन व्यापाऱ्यांनी भाव बोलावा आणि गिऱ्हाइकाला तो कळू नये, यासाठी रचलेली ही संख्यावाचक बोली. भाषा संज्ञापनासाठी असते, हे पाठ्यपुस्तकातील विधान नंदभाषेपुढे अपुरे पडते. ही भाषा उपस्थितांपैकी एकाला वगळण्यासाठीच अस्तित्वात आली.

परंतु या कोशात वऱ्हाड फारसा नाही. १८३१ मध्ये वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात आला. मोल्सवर्थचे शास्त्रीमंडळ मुख्यतः कोकण व देश या भागांतले होते. त्यामुळे पुढे ज्या प्रदेशात मराठी मुलखातला सर्वांत मोठा कापूसव्यवहार उभा राहिला, त्या प्रदेशाची बोली मराठीच्या पायाभूत कोशाबाहेर राहिली. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीला स्थान मिळाले. सर्वेक्षणाने बोलीबोलींतून गोळा केलेला ठरीव नमुना मात्र बायबलातील उधळ्या मुलाच्या दाखल्याचा. वारशाची वाटणी मागणाऱ्या मुलाची गोष्ट वऱ्हाडीत सांगून घेतली गेली. कापसाची बंडी घेऊन अकोल्याच्या बाजारात उभ्या राहिलेल्या बापाचे बोलणे सांगून घ्यावे, असे कोणाला वाटले नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. पण परिणाम असा झाला की मराठीतील सौद्याची छापील भाषा ही प्राधान्याने घेणाऱ्याची आणि मध्यस्थाची भाषा ठरली.

या भाषेचे मर्म ‘हत्ता’ या शब्दात आहे. हात या शब्दाच्या कुळातला हा शब्द, आणि पद्धतही हाताचीच: रुमालाखाली, उपरण्याखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली दोघांनी हातात हात घालायचे आणि बोटे दाबून भाव ठरवायचा. तोंडाने काहीही बोलायचे नाही. बोटांनी बोलण्याच्या या कलेला आपल्याकडे ‘करपल्लवी’ असे फार सुंदर नाव आहे. हे नाव ऐकून कोणी शृंगारकाव्य वाचू लागेल. प्रत्यक्षात त्या पल्लवांखाली रुपये-आणे असत. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या व्यापारात ही पद्धत पाहिली आणि १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात तिचे व्याकरणच देऊन ठेवले: अख्खा हात धरला की हजार, एक बोट धरले की शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट म्हणजे पन्नास, टोकाचे पेर म्हणजे दहा. एकाच जागेत बसून अनेक सौदे होत आणि शेजाऱ्याला त्यांतला एकही कळत नसे, याचे त्याला नवल वाटले. हिऱ्याच्या व्यापारात घेणारा आणि देणारा दोघेही जाणकार. रुमाल तिथे तिसऱ्याच्या नजरेपासून दोघांचे रक्षण करीत असे. कापसाच्या बाजारात हीच पद्धत आली तेव्हा रुमालाखाली हात असत ते खरेदीदाराचे आणि अडत्याचे. ज्याचा माल, तो शेतकरी रुमालाबाहेर, बंडीपाशी उभा. पद्धत तीच राहिली, पण ‘तिसरा’ बदलला.

इंग्रजीशी तुलना येथे उपयोगी पडेल. इंग्रजीत सौदा ‘स्ट्राइक’ करतात. हातावर हात मारून व्यवहार पक्का करण्याच्या जुन्या रिवाजाची ती खूण मानली जाते. हात तिथेही आहे, पण तो उघडा आहे आणि त्याचा आवाज चार माणसांना ऐकू जावा असाच हेतू आहे. ‘हॅगल’ या क्रियापदाचा मूळ अर्थ वेडेवाकडे तोडणे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याला वाद घालण्याचा व सौद्यातल्या ओढाताणीचा अर्थ आला. आपली घासाघीस घासण्यातून निघाली. इंग्रज तोडतो, मराठी माणूस घासतो, अशी गंमत कोणी करील. पण ‘किंमत तोडणे’ आपल्याकडेही आहे. इसाराच्या रकमेसाठी इंग्रजीत जो ‘अर्नेस्ट’ शब्द आहे, तो फ्रेंच-लॅटिन-ग्रीक अशा मुक्कामांवरून मागे नेला तर सेमिटिक मुळापाशी पोचतो. आपला बयाणाही अरबीतून आला. म्हणजे आगाऊ रक्कम देऊन शब्द बांधून घेण्याची कल्पना पूर्वेला आणि पश्चिमेला एकाच भाषाकुळातल्या व्यापाऱ्यांबरोबर पोचलेली दिसते. उघडा सौदा ही इंग्रजांची देणगी असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. गोणीतले डुक्कर न पाहता विकत घेण्याविषयीची इंग्रजी म्हण तिथल्या बाजाराची साक्ष देण्यास पुरेशी आहे. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. ती म्हण हत्त्यातूनच निघाली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु झाकलेल्या हाताला किंमत असते, हे तत्त्व दोहोंनाही समान आहे.

वऱ्हाडात या झाकल्या हाताशी इंग्रजी कायद्याची गाठ पडली. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. अकोला आणि बडनेऱ्यावरून जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा खुला करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला, यावरून त्या मालाचे मोल कळते. खास कापसासाठी सरकारने कमिशनर नेमला. रिव्हेट-कार्नाक हा त्या पदावरचा गाजलेला अधिकारी. राली, व्होल्कार्ट अशा युरोपीय पेढ्या आल्या. त्यांना आपण घेतलेल्या मालाचा भाव नेमका काय हे कळायला हवे होते. कारंज्याचा बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाखाली आला. हिंदुस्थानातला हा पहिला विनियमित बाजार मानला जातो. १८९७ च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्याने जागा नेमून दिली, दलाल व मापारी यांना परवाने लावले आणि देखरेखीसाठी समिती नेमली. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने विनियमित बाजारांचा पुरस्कार केला तो वऱ्हाडचा अनुभव समोर ठेवूनच. मात्र वऱ्हाडच्या समितीवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते, पिकवणाऱ्याला त्यात जागा नव्हती. कायद्याने बाजाराला कुंपण घातले. रुमालाखालच्या व्यवहाराला पूर्ण बंदी होऊन उघड लिलाव हा सर्वत्र नियम व्हायला महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा उजाडावा लागला.

याच कालखंडात भावाचे व्याकरण घडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आरंभी ज्या अकर्मक क्रियापदांचा उल्लेख केला, त्यांचा पुरता पसारा कापसाच्या बोलण्यात दिसतो. भाव फुटला, भाव निघाला, भाव चढला, भाव उतरला, भाव पडला, भाव लागला, माल गेला. यातील एकाही वाक्यात माणूस नाही. पाऊस पडतो तसा भाव पडतो. आभाळाविषयी आणि बाजाराविषयी एकच वाक्यरचना वापरणाऱ्या शेतकऱ्याला कोणी दैववादी म्हणेल. पण लिव्हरपूलमध्ये ठरून तारेने मुंबईला आणि तेथून वऱ्हाडात पोचणारा भाव हा त्याच्या दृष्टीने आभाळाइतकाच दूर होता. लक्ष्मण सत्य यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कापसाचा विस्तार आणि दुष्काळ यांचा जो संबंध दाखवला, तो वाचल्यावर हे आभाळाचे रूपक अलंकार वाटत नाही. साऱ्याचा हप्ता रोख, सावकाराची उचल अंगावर, आणि वेचणी होताच माल बाजारात नेणे भाग. अशा माणसाने कर्तरी प्रयोग कोठून आणावा?

हा केवळ शेतकऱ्याचा भाषिक स्वभाव आहे असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तर बैलबाजारात मिळते. तोच शेतकरी बैल विकायला नेतो तेव्हा त्याची वाक्यरचना पालटते. विकणारा किंमत ‘सांगतो’, घेणारा ‘मागतो’. ‘जोडी कितीला सांगितली?’ ‘त्यानं कितीला मागितली?’ मराठीतील ही सांगण्या-मागण्याची जोडी फार अर्थपूर्ण आहे. दोन्ही क्रियापदे सकर्मक, दोघेही कर्ते, आणि मधली झटापट खरोखर दोघांची. बैलाचे दात, वशिंड, चाल, खोड विकणाऱ्याला घेणाऱ्याइतकीच ठाऊक असते. हत्ता बैलबाजारातही होता, पण तिथे रुमालाखालचा एक हात शेतकऱ्याचा असे. कापसाच्या बाजारात शेतकरी काही सांगत नाही. नुसते मागितले जाते. त्याच बाजारातून परतताना तो मीठ, तेल, लुगडे घेतो तेव्हा सांगणारा दुकानदार असतो. विकताना दुसऱ्याने मागितलेला भाव, घेताना दुसऱ्याने सांगितलेली किंमत. अर्थशास्त्राने पुढे बरीच आकडेमोड करून मांडलेली गोष्ट या दोन क्रियापदांनी आधीच मांडली होती.

‘लागणे’ या क्रियापदाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. भाव लागतो आणि मटकाही लागतो. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडते आणि बंद होतानाचे भाव मुंबईच्या कापूसबाजारात तारेने येत. त्या आकड्यांवर पैज लावण्याचा धंदा मुंबईत बोकाळला. १९६१ मध्ये तो स्रोत बंद पडल्यावर मडक्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढण्याची रीत आली आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. मटक्याचे ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द त्या कापूसभावांचे अवशेष आहेत. अकोल्याच्या शेतातला कापूस आणि गिरणगावातल्या कामगाराने लावलेला आकडा यांना जोडणारे हे क्रियापद योगायोगाचे असेल. भाव हा जुगाराचा विषय होऊ शकतो, हे मात्र योगायोगाचे नव्हे.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि सौद्याची भाषाच काही काळ निकामी झाली. खरेदीदार एकच आणि भाव जाहीर, मग घासाघीस कोणाशी? दलाल, अडत, हत्ता यांच्या जागी ग्रेडर, प्रत, केंद्र, मोजणी आणि मुख्य म्हणजे ‘चुकारा’ हे शब्द आले. चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे देणे. या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत: चुकारा निघतो, अडतो, थकतो, होतो. भाव कागदावर स्थिर झाला, पण कर्ता परत आला नाही. अनिश्चितता भावातून चुकाऱ्यात सरकली. २००२ च्या सुमारास एकाधिकाराची मिठी सुटली आणि खाजगी व्यापारी परतले. आता हमीभावाच्या केंद्रावर ‘ओलावा’ हा शब्द ग्रेडरच्या तोंडी आहे आणि कापूस ओला ‘निघतो’.

या अकर्मक परंपरेत खंड पाडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न १९८० च्या आगेमागे शेतकरी चळवळीने केला. ‘घामाचे दाम’ ही शब्दसंहती त्या चळवळीने मराठीत रुजवली. भावाऐवजी दाम हा शब्द येथे योजला गेला, याची भाषिक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. दाम हे मूळचे नाणे. त्याचा उगम ग्रीक द्राख्मेपर्यंत नेतात. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपुराशी निगडित असलेल्या तेराव्या शतकातील महानुभाव गद्यात दाम आणि आसू ही नाणी हाटातल्या साध्या व्यवहारात येतात. भाव ही स्थिती आहे, ती आपोआप बदलते. दाम ही वस्तू आहे, ती कोणीतरी कोणाला मोजून द्यावी लागते. ‘दाम’ म्हणताच देणारा आणि घेणारा दोघेही वाक्यात हजर होतात. एका नामाच्या निवडीने चळवळीने कर्ता मागितला, असे म्हणणे फार ताणल्यासारखे होणार नाही. तरी बाजारात दाम रुजला नाही. सरकारी भाषेने ‘हमीभाव’ हा समास घडवला आणि भाव पुन्हा गादीवर बसला.

वाङ्मयात वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य प्रथम ठसठशीतपणे जाणवले ते उद्धव शेळके यांच्या ‘धग’मुळे (१९६०). सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत (२००२) विदर्भातील शेतीचे अर्थकारण हाच कादंबरीचा विषय झाला. समीक्षेने या बोलीला ‘प्रादेशिक रंग’ म्हटले. रंग म्हटला की तो वरून लावलेला असतो आणि पुसून प्रमाण मराठी काढता येते, असे गृहीत धरले जाते. वऱ्हाडीत ‘मिळणे’ या अर्थाने ‘भेटणे’ वापरतात. पैसे भेटतात, नोकरी भेटते, आणि कापसाला भाव भेटतो किंवा भेटत नाही. ‘यंदा मालाले भाव नाही भेटला’ हे वाक्य पुसून ‘यंदा मालाला भाव मिळाला नाही’ असे लिहिले की व्याकरण प्रमाण होते. पण भेटण्यासाठी दोघे लागतात, एकाने दुसऱ्याच्या वाटेवर यावे लागते, आणि जो भेटला नाही तो कोठेतरी असतोच. अकर्मक क्रियापदांच्या त्या दीर्घ मालिकेत हे एकच क्रियापद असे आहे की त्यात समोरच्याच्या गैरहजेरीची नोंद आहे. गेली पंधरा वर्षे उत्तरपत्रिका तपासताना मी ‘भेटला’ या शब्दाखाली लाल रेघ मारून वर ‘मिळाला’ असे लिहीत आलो आहे, आणि त्यातले बरेचसे विद्यार्थी कापूस पिकवणाऱ्या घरांतून आलेले होते.